कण्हदासाची सही

आज पितळखोऱ्याची बौद्ध लेणी बघून आलो आणि डोकं अजून तापलेलंच आहे. तिसऱ्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, प्रार्थनेच्या दालनात, चार पोरं जमली होती. त्यातला एक गाडीच्या किल्लीनं खांबावर नाव कोरत होता. तिथल्या खांबांवर रंगवलेले बुद्ध अजून दिसतात हो! मी ओरडलो तर म्हणतो, "काका, पडकंच तर आहे."

पडकंच तर आहे! अजिंठ्याची जी चित्रं बघायला जग येतं, त्यांच्या सुमारे सहाशे वर्षं आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हा डोंगर खोदायला घेतला. आणि आपण चाळीसगावकर तासाभराच्या अंतरावर राहून पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला तेवढे जातो.

माझे आबा सोनार. आयुष्य ऐरणीसमोर गेलं. प्रत्येक पाटलीच्या आतल्या बाजूला ते एक बारीक खूण करत, गिऱ्हाइकाला कधी दिसायची नाही अशी. पितळखोऱ्याच्या उत्खननात एका यक्षाची दगडी मूर्ती सापडली, ढेरपोट्या, हसरा, डोक्यावर वाडगं धरलेला. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत करणाऱ्याचं नाव आहे. कण्हदास, आणि पुढे धंदा, सोनार. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते फुंकणी खाली ठेवून म्हणाले, "कोठे लिखेल शे?" हातावर, म्हटलं. बराच वेळ स्वतःचा तळवा बघत बसले. मग म्हणाले, "हाऊ तं आपला माणूस शे."

तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आमचा माणूस दिल्लीत का, म्हणून मी वर्षानुवर्षं चिडायचो. आज किल्ली बघितली आणि गप्प झालो. इथं असता तर त्याच्या पोटावरही बदाम-बाण कोरला गेला असता, मान्य.

कुणी म्हणेल, जुन्यांनीही खांबांवर नावं कोरलीच की. कोरली. पैठणच्या गंधी, म्हणजे अत्तरं विकणाऱ्या, कुळातल्या मितदेवाचं नाव इथल्या एका खांबावर आहे. पण त्यानं तो खांब दान दिला होता! आणि कण्हदासानं आधी यक्ष घडवला, मग नाव टाकलं. आबांनी आधी पाटली घडवली. आधी काहीतरी करा रे, मग करा सही.

तसंच मी त्या पोराला तावातावानं विचारलं. काय करतोस तू? म्हणाला, वेल्डिंग. गेट बनवतो, जिन्याची रेलिंग बनवतो. नाव टाकतोस का गेटवर? "नाही काका, मालकाचं असतं ना."

मला पुढे बोलताच आलं नाही. त्याच्या हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते, आबांच्या हातांवर होते तसेच. किल्ली त्यानं खिशात टाकली, खाली बघत "चुकलं" म्हणाला. खांबावर अडीच अक्षरं झालीत, ती आता निघणार नाहीत, आणि त्याचा राग मला आत्ता हे लिहितानाही येतोय.

घाट उतरताना लक्षात आलं, इतकं ओरडलो पण कण्हदासाचं त्याला सांगितलंच नाही. चाळीसगावातच असतो म्हणाला होता. शोधतो.