सुवर्णपदक नको, लॅपटॉप द्या

आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर दोन आठवडे चर्चा चालू आहे. पंचवीस वर्षं झाली, कॉलेजला काहीतरी द्यायचं. सेमिनार हॉलला एसी, टॉपरला सुवर्णपदक, भिंतीवर आपल्या नावांची पाटी. मी तिथे विरोध नोंदवला. त्याऐवजी गरजू मुलांना लॅपटॉप देऊया, आणि त्यात मुली, मागास जातींतली आणि अपंग मुलं आधी घेऊया, असं म्हटलं. तेच इथे सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी कॉलेजात सेकंड इयरच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला शनिवारी जात होते. एक मुलगी आसनगावहून यायची. तिने होमवर्क म्हणून वही पुढे केली. पूर्ण प्रोग्राम पेन्सिलीने लिहिलेला, समासात ओळींचे नंबर, उघडलेला प्रत्येक कंस कुठे बंद होतो ते लाल पेनाने जोडलेलं. लोकलमध्ये वहीत लिहायचं, घरी गेल्यावर मोबाइलवर टाइप करून चालवून बघायचं. कॉलेजची लॅब पाचला बंद. पहिल्या वर्षी तिला याच विषयात केटी लागली होती, म्हणजे नापास झाल्याने विषय राहिला होता. म्हणाली, "ताई, लॉजिक येतं हो मला, हात बसत नाही."

ग्रुपवर एकाने विचारलं, आता मुलींना फी माफ आहे ना? आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. फार चांगला निर्णय आहे. पण लॅपटॉप, रेल्वेचा पास, खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे त्यात येत नाहीत, आणि मुलं अडकतात ती तिथेच. किती रकमेवर अडकतात? २०२४ मध्ये एका मजुराच्या दलित मुलाची धनबाद आयआयटीतली जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्यामुळे गेली होती. ती परत मिळवायला त्याला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं.

दुसरा मुद्दा आला तो असा, की मदत करायची तर सरसकट करा, जात, मुलगी, अपंगत्व कशाला बघायचं? यावर मला स्वतःबद्दल सांगावंसं वाटतं. आमच्या साठ जणांच्या वर्गात आम्ही नऊ मुली. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड पीसी आणला होता. काका इंजिनीअर, अडलं की त्यांना फोन. मी हुशार होते म्हणून टिकले असं मला बरीच वर्षं वाटत होतं. माझ्याच बेंचवरची मैत्रीण दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गेली, ती गणितात माझ्यापेक्षा सरस होती. तिच्या घरी ना पीसी होता, ना फोन करायला कोणी. कोणाच्या घरात हे नसतं, हे आपल्याकडे जात आणि लिंग न बघता कळत नाही.

अंध मुलांचंही तेच. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ मध्ये सुरू केलं. ते फुकट मिळतं, देणग्यांवर चालतं. त्याच्या मदतीने अंध मुलं उत्तम कोडिंग करतात. पण ते चालवायला स्वतःचं मशीन आणि बरा हेडफोन तर हवा. आपल्या निधीतून थोडे पैसे एनव्हीडीएलाही जावेत असं मला मनापासून वाटतं.

२०२३ मध्ये इन्फोसिसच्या नंदन निलेकणींनी आपल्या जुन्या कॉलेजला, आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले. तसं देणारे हवेतच. आपली ऐपत आहे एकेका लॅपटॉपची, तर ते नीट देऊया. मार्कांची अट नको, केटी लागलेल्याला तर आधी. अर्ज आल्यापासून आठवड्यात निर्णय, कारण सबमिशन थांबत नाही. आणि कृपा करून देतानाचा फोटो नको. एकोणीस वर्षांच्या मुलीने ग्रुप फोटोत आपली गरिबी धरून का उभं राहायचं?

वहीवाल्या मुलीला मी माझा जुना लॅपटॉप दिलाय. त्याच वर्गात मोबाइलवर कोड लिहिणारे आणखी चार जण आहेत. लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली, वापरलेला पण धड लॅपटॉप पंचवीस हजारांच्या आसपास मिळतोय. ग्रुपवर आतापर्यंत अकरा जणांनी होकार कळवलाय. चौघांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.