आधी आजारपणाचा पगार द्या, मग सर्टिफिकेट मागा

लातूरला क्लासेसच्या भागात माझी मेस आहे. परभणी, बीड, नांदेडकडची लेकरं दोन्ही वेळ माझ्याकडं जेवतात, म्हणून स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांच्या आजारपणाबद्दल हे लिहितेय. मेसवाल्यांनी आणि आचाऱ्यांनी तरी पूर्ण वाचा.

पंगतीत लोकांना उलट्या झाल्या की पहिला संशय पाण्यावर, नाहीतर तेलावर. मळणारा, वाढणारा माणूस धडधाकट दिसतो, त्याचा विचारच होत नाही. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू साधारण दहातल्या तिघा निरोगी माणसांच्या नाकात असतो. त्यांना कसलाही त्रास नसतो. नाकाला लागलेला हात शिजलेल्या बटाट्याला लागतो, खव्याला लागतो, पेढे तर हातानंच वळतात. मग ते पातेलं मांडवात तासन्‌तास कोमट राहिलं की जंतू वाढतो आणि विष सोडतो. परत उकळलं तर जंतू मरतो, विष तसंच राहतं. म्हणून "आम्ही गरम करूनच वाढलं होतं" हे उत्तर पुरत नाही.

टायफॉइडचं आणखी अवघड. बरं झालेल्या काही जणांच्या पित्ताशयात तो जंतू वर्षानुवर्षं राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हिच्या अंगातही तो जंतू होता, तिला मात्र त्रास नव्हता. तिच्या हातचं खाऊन लोकांना टायफॉइड होत होता, म्हणून 1907 मध्ये तिला पकडून एका बेटावर वेगळं ठेवलं, 1910 मध्ये स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. धुणं धुण्यात स्वयंपाकाइतकी कमाई नव्हती, ती नाव बदलून परत चुलीपुढं उभी राहिली. 1915 मध्ये एका प्रसूतिगृहात 25 जण आजारी पडले, तेव्हा पुन्हा सापडली आणि परत बेटावर ठेवली. 1938 ला त्या बेटावरच वारली. सगळे तिला दोष देतात. मला त्यात पोटाचा प्रश्न दिसतो.

आपल्याकडं 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि लसीकरण लागतं. ते करायलाच हवं. पण जूनमधल्या तपासणीच्या सर्टिफिकेटवरचा शिक्का ऑगस्टमधले जुलाब सांगत नाही. ते फक्त तो माणूस सांगू शकतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर तो का सांगेल?

मागं आमच्या पोळ्या लाटणाऱ्या मावशींचं बोट विळीवर कापलं. चिंधी बांधून परत पोळपाटाशी बसल्या. म्हणाल्या, "ताई, एवढ्याशानं काय होतंय?" कापलेल्या, पिकलेल्या जागी बऱ्याचदा नाकातला तोच स्टॅफिलोकोकस जंतू असतो. मी त्यांना भरल्या पगारानं घरी पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात भांडी घासणारा पोरगा स्वतः येऊन म्हणाला, पोट बिघडलंय, आज येत नाही. आधी असं कुणी सांगत नव्हतं.

आणि पाणी. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर आहे. टँकर लांबला की पहिली काटकसर हात धुण्यावर होते, हे मी गल्लीगल्लीत बघितलंय. माझ्याकडं आचाऱ्यांच्या हातासाठी वेगळा नळाचा ड्रम आणि साबण आहे. फरशी एक दिवस नाही धुतली तरी चालेल, त्या ड्रमाला हात लावायचा नाही.

मेसवाल्यांनो, महिन्याला माणशी दोन दिवस आजारपणाची भरपगारी सुट्टी सगळ्यांनी मिळून ठरवू. एकट्या मेसला जड जातं, सगळ्यांनी दिली तर दरात थोडा फरक पडेल, तेवढं पालक समजून घेतील. तयार असाल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, मी बैठक ठेवते.