सोमवारी आवाज बदलला

सोमवारी सकाळी दाजींच्या गाड्यावर दूध उतू गेलं. मिरजेत मार्केटच्या मागच्या बोळात आमचा कट्टा आहे आणि त्याला लागूनच दाजींचा चहाचा गाडा. इतक्या वर्षांत दाजींच्या हातून दूध उतू गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून बातमी आमच्याआधी फुलवाल्या मावशींपर्यंत पोचली.

"हात थांबला ओ," दाजी म्हणाले. "तिचा आवाज यायचा तिथं दुसरीच पोरगी बोलाय लागली. मला वाटलं स्टेशन सरकलं. काटा बघाय वाकलो, तंवर दूध खाली."

दाजींच्या गाड्यावर घड्याळ नाही. आहे तो रेडिओ, वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कारण वाफेनं त्याचा पूर्वी एकदा घसा बसला होता. पाच पंचावन्नला आकाशवाणीची ती धून वाजली की स्टोव्ह पेटतो. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्यांचं 'इयम् आकाशवाणी' ऐकू आलं की दुसरं पातेलं चढतं. सात पाचला पुण्याच्या बातम्या लागल्या की शाळेच्या रिक्षावाल्यांचे कप मांडायचे. आणि या सगळ्याच्या मधे, दोन कार्यक्रमांच्या सांध्यावर, 'ती' असायची, आमच्या आकाशवाणी केंद्रावरची निवेदिका.

मास्तरांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. त्यांचा एक जुना विद्यार्थी केंद्रावर नोकरीला आहे. महिनाअखेरीला तिची साठ वर्षं भरली, निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी सकाळची पाळी तिचीच होती. रोजच्यासारखंच तिनं सांगितलं की आमची पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, इथं संपते आहे, दुसरी सभा अमुक वाजता सुरू होईल, आणि आवाज कमी करायची कळ, फेडर, खाली केला. निरोपाचं एक अक्षर नाही.

"मग आपण सत्कार करू," मामा म्हणाले. मामा म्हणजे सतारमेकर गल्लीतले. चार पिढ्या तंबोरे करतात. "शाल, श्रीफळ. गणपतीच्या देवळातला हॉल मिळेल."

इथून वाद पेटला, आणि पेटवला तो बँकेतल्या पोरानं. त्याला आम्ही सगळे मॅनेजर म्हणतो, वय अठ्ठावीस.

"मामा, कुणाचा सत्कार? नाव काय तिचं?"

कुणालाच सांगता येईना. संस्कृत बातम्यांचे बलदेवानंद सागर सगळ्यांना पाठ, कारण 'प्रवाचकः' म्हणून ते नाव रोज कानावर पडायचं. पुण्याच्या बातम्यांमुळं सुधा नरवणे घराघरांत पोचल्या. पण आमच्या केंद्रावरच्या या बाईंनी स्वतःचं नाव आम्हाला कधी सांगितलंच नाही. त्या सांगायच्या गाण्याचं, गायिकेचं, संगीतकाराचं आणि उद्याच्या कांद्याच्या भावाचं.

"बघा," मॅनेजर म्हणाला. "तुम्हाला तिचं नाव माहीत नाही, तिला तुमचं असणं माहीत नाही. ती काचेसमोर बसून कागद वाचत होती, तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत होता. याला सवय म्हणतात. नातं दोन्हीकडून लागतं."

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं, हेच अवघड होतं. मी स्वतः दोन मिनिटं गप्प बसलो.

मास्तर मात्र बसणाऱ्यातले नव्हेत. तरुणपणी ते श्रोता संघात होते. दर आठवड्याला आवडत्या गाण्यांची यादी करून रेडिओला पाठवायची, हे त्यांच्या संघाचं काम. त्यांनी थेट रेडिओचे नावाजलेले निवेदक अमीन सयानी यांना मधे आणलं.

"हे बघ, ३ डिसेंबर १९५२ ला श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. ती सादर करणारा पोरगा तुझ्यापेक्षा लहान, वीस पुरे व्हायला अठरा दिवस कमी. आठवड्याला पंचवीस रुपये. त्यात बोलायचंही त्यानंच आणि आलेली पत्रं बघायचीही त्यानंच. कार्यक्रमवाल्यांना वाटलं, पन्नासेक पत्रं येतील. पहिल्याच कार्यक्रमाला आली नऊ हजार. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली. हे दोन्हीकडून नाही तर काय?"

"सर, टूथपेस्ट विकायला होता तो कार्यक्रम."

"होता. बिनाका टूथपेस्टच होती. मग?"

"आणि तो बुधवारी रात्री आठ वाजता कोलंबोत बसून तुमच्याशी बोलत नव्हता. मुंबईत टेप करायचे. ती टेप विमानानं जायची. तुम्ही ज्याला दाद देत होता तो माणूस त्या वेळी घरी जेवत असेल."

मास्तर हसले. "हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं रे. पत्र तरी आम्ही लिहिलं त्याच क्षणी कुठं पोचत होतं?"

मामांना या गप्पांमधे बाळकृष्ण केसकर आठवले, आणि ते येणारच होते, कारण मिरजेत रेडिओचा विषय केसकरांपाशी गेल्याशिवाय राहत नाही. मराठी माणूस, १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी मंत्री. सिनेमाचं गाणं आकाशवाणीला शोभत नाही म्हणून त्यांनी त्याला इतकं आवळलं की सगळा देश शॉर्टवेव्हवर सिलोन लावून बसला. कोलंबोचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा, आणि गाण्याची ऐन ओळ खरखरीत बुडायची. शेवटी सरकारलाच १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. मास्तरांचा केसकरांवर अजून राग आहे. मामांचा नाही. "त्या माणसानं शास्त्रीय गाणाऱ्यांना घरं चालवायला पैसे दिले," ते म्हणाले, "रेडिओचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम त्याच्याच काळातला. केंद्राकेंद्रांवर तंबोरे लागायचे, ते आमच्या गल्लीतून गेलेत." या दोघांचं हे भांडण माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून चालू आहे. त्या दिवशीही ते मिटलं नाही, आणि दाजींनी दोन कटिंग मधे ठेवून विषय जागेवर आणला.

"मॅनेजर, तू म्हणतोस तिला आम्ही म्हाईत न्हाई. मग सांग, जूनमधे शाळा सुरू व्हायच्या दिवशी ती काय म्हणायची?"

मॅनेजरला माहीत नव्हतं. आम्हाला होतं. छत्री घेतली का, असं ती विचारायची. हवामानाचा अंदाज वाचून झाला की कागद संपायचा, आणि मग तिचं स्वतःचं एक वाक्य यायचं. ऊस गाळपाच्या दिवसांत रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागं लाल कापड बांधा म्हणायची. बारावीच्या निकालादिवशी सकाळी तिनं दोन भक्तिगीतांच्या मधे एवढंच सांगितलं होतं, की आज घरात कुणी लवकर उठून बसलं असेल तर त्याला काही विचारू नका, चहा द्या. माझा मुलगा त्या सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेला होता. माझ्या तोंडात प्रश्न होता, तो मी गिळला आणि गॅस पेटवला.

हे मी कट्ट्यावर बोलून दाखवलं. मला जे म्हणायचं होतं ते तेव्हा नीट सुचलं, म्हणून इथं लिहितो. तिला माझं नाव माहीत नव्हतं, पण सकाळी सव्वासहाला माझ्या घरात काय चाललेलं असतं हे तिला माहीत होतं. माझे सख्खे नातेवाईक मला नावानं ओळखतात. त्यातल्या किती जणांना माझ्या घरातली सव्वासहाची वेळ माहीत आहे?

"तो अंदाज आहे काका," मॅनेजर म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "लाखभर घरांना लागू पडेल असं वाक्य."

"हो. आणि लाखभर घरांना लागू पडेल असं वाक्य बोलायला लाखभर घरांचा विचार करावा लागतो."

फुलवाल्या मावशी तोवर शेवंतीचे हार ओवत होत्या. त्या मधे कधी पडत नाहीत. त्यांनी सुई दोऱ्यात अडकवून ठेवली. "मला लिहाय-वाचाय येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर माझं नाव रेडिओवर आलंय."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेजारच्या पोस्टमनच्या बायकोकडून त्यांनी फर्माईशीचं कार्ड लिहून घेतलं होतं. नवऱ्याचं, स्वतःचं, दीर-जावेचं, आणि पाळण्यातल्या पोरीचं नाव. त्या पोरीचं बारसं व्हायचं होतं अजून, नाव कार्डावरच पहिल्यांदा लिहिलं. तीन महिने रोज ऐकलं. एका दुपारी दळण निवडताना आलं, सगळी नावं, ओळीनं, एकही न गाळता. "पोरीचं नाव त्या बाईनं असं घेतलं, आमच्या घरात कुणी तसं घेतलं न्हवतं. पुऱ्या नावानं. सासू म्हणाली, आता बारसं झालंच म्हणायचं."

ती बाई म्हणजे हीच का, मी विचारलं. "हीच. त्येव्हा आवाज कवळा होता."

मास्तर एरवी कुणाचं बोलणं संपलं की लगेच दुरुस्ती करतात. त्या दिवशी ते थोडा वेळ थांबले, आणि मग त्यांनी सयानींबद्दल अशी गोष्ट सांगितली जी मला फार मोलाची वाटली. सयानींच्या आई कुलसुमबाई प्रौढशिक्षणाचं काम करायच्या. नुकतंच अक्षर ओळखायला लागलेल्या मोठ्या माणसांसाठी त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, गांधीजींना हवी होती तशा सोप्या हिंदुस्थानीत. मुलगा त्या कामात मदत करायचा. त्याचं घरचं गुजराती, रेडिओवरची सुरुवात इंग्रजीत. देशाला आवडलेली ती सोपी बोली त्यानं कमावली ती आईच्या त्या पाक्षिकात. म्हणजे मावशींसारख्यांसाठी काढलेल्या कागदात. 'बहनों और भाइयों' असं म्हणताना तो बहिणींना पुढं ठेवायचा, तेही मास्तरांनी मावशींकडे बघून सांगितलं.

गीतमाला सिलोनवरून १९८८ पर्यंत चालली, पुढं विविध भारतीवर १९९४ पर्यंत. बेचाळीस वर्षं. सयानी गेले ते २० फेब्रुवारी २०२४ ला, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन, आणि त्या दिवशी मास्तरांनी दाजींच्या गाड्यावर सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले होते. का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

"सरांचं मान्य," मॅनेजर म्हणाला. "पण एक सांगतो, राग मानू नका. सयानींना पद्मश्री मिळाली, जगानं ओळखलं. या बाईंना तुम्ही आज सत्काराला बोलवणार, ते तुमच्या समाधानासाठी. साठ वर्षांची बाई, उन्हाची रिक्षानं येणार, स्टेजवर बसणार, चार जणांची भाषणं ऐकणार. आयुष्यभर वेळेचं गणित सांभाळलेल्या बाईला तुम्ही पाऊण तास उशिरा सुरू होणारा कार्यक्रम देणार. तिला तरी हवंय का हे, विचारलंय कुणी?"

आता मामाही गप्प झाले. पोरगं नातं नाही म्हणत सुरुवात करून बसलं होतं, आणि तिची काळजी आमच्या सगळ्यांपेक्षा त्यालाच जास्त पडली होती.

दाजींनी सत्काराला साफ नाही म्हटलं, पण त्यांचं कारण वेगळं. "मला तिला बघायचंच न्हाई. माझ्या डोळ्यांम्होरं एक बाई हाय. उंच, कानांत कुड्या, आमच्या थोरल्या भनीसारखी. खरी बाई बघितली की ही जाणार."

"जाऊ दे की," मामा म्हणाले. "खरं माणूस मोठं का मनातलं?"

"सकाळी सहाला मनातलंच मोठं."

यावर बराच वेळ गेला. मामांचं म्हणणं, आवाज हा शरीराचाच असतो. भोपळा बघितल्याशिवाय तंबोरा कळत नाही, आणि जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर मोकळा करताना, आपण शेवटी लाकडाशीच बोलत असतो. दाजींचं म्हणणं, तंबोरा ऐकणाऱ्याला भोपळ्याशी काय करायचंय. मला दोघांचंही पटत होतं. माझ्या मनातली बाई बुटकी आहे आणि चष्मा लावते.

नव्या मुलीचा विषय निघाला. वाक्य संपताना तिचा श्वास ऐकू येतो, माइकच्या फार जवळ बसते, असं मामा म्हणाले. मंगळवारी तिनं एका गायिकेचं आडनाव चुकवलं आणि लगेच दुरुस्त केलं. दाजी तिच्यावर अजून रागात आहेत, दुधाचा राग. मावशी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी घाबरली असंल. त्या खोलीत एकटीच बसायचं असतंय म्हणं."

उठायची वेळ झाली तेव्हा मास्तरांनी खिशातून डायरी काढली. "नाव मला कळलंय," ते म्हणाले. "विद्यार्थ्यानं सांगितलं. सांगू?"

"नको," दाजी म्हणाले आणि स्टोव्हला पंप मारायला लागले. मामांनी हात वर केला, थांबा म्हणून. मॅनेजर मोबाइल काढता काढता थांबला.

"मला द्या," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी डायरीचं पान फाडलं, नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात, आणि घडी घालून त्यांच्या हातात दिलं. मावशींनी ते उघडून पाहिलं. वाचता येत नाही, तरी ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग कनवटीच्या पिशवीत, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात नाही, दुसऱ्या कप्प्यात ठेवलं.

"पोरगी दिवाळीला येनार हाय माहेरी," त्या म्हणाल्या. "तिच्याकडनं वाचून घीन."