एमआरएनए लशीने डीएनए बदलतो? नाही

‘एमआरएनए लस टोचली की ती आपल्या डीएनएत मिसळते, कायमची शरीरात राहते आणि बदल मुलाबाळांत उतरतो.’ कोरोनाच्या दिवसांपासून फिरणारा हा मेसेज परवा माझ्या मावसबहिणीने मला पाठवला. तिची सून गरोदर आहे, त्यामुळे ती पार धास्तावली होती. फोनवर तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी ‘डीएनएत मिसळते’. डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो. त्यातला लागेल तेवढा मजकूर आरएनएच्या रूपात उतरून केंद्रकाबाहेर येतो (हा निरोप नेणारा आरएनए म्हणजेच एमआरएनए) आणि तिथे रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, त्यावरून प्रथिन बनतं. लशीतला एमआरएनए थेट या बाहेरच्या टप्प्यावर पोचतो. त्याचं काम तिथेच सुरू होतं, तिथेच संपतं.

यावर लोक एचआयव्हीकडे बोट दाखवतात. तो आरएनएचाच विषाणू आणि आपल्या डीएनएत खरोखर जाऊन बसतो. पण त्यासाठी तो दोन एन्झाइम सोबत आणतो: आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि तो डीएनए गुणसूत्रात, म्हणजे आपल्या मूळ डीएनएच्या धाग्यात, जोडणारं इंटिग्रेज. लशीत दोन्ही नाहीत. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा 2022चा प्रयोगही पुरावा म्हणून दिला जातो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृत-कर्करोगाच्या पेशींत लशीच्या आरएनएवरून डीएनए बनलेला दिसला, हे खरं. तो गुणसूत्रात जोडला गेल्याचं मात्र त्या प्रयोगाने दाखवलेलं नाही, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

‘कायमची राहते’ हे तर आरएनएच्या घडणीतच बसत नाही. डीएनए दुपेडी, हा एकपेडी, आणि याच्या साखळीतल्या साखरेवरचा जास्तीचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) याचीच साखळी तोडू शकतो. प्रयोगशाळेत उघडं बोट लागलं तरी त्वचेवरच्या एन्झाइमने आरएनएचा नमुना नासतो, इतका तो नाजूक. लशीतला बहुतेक आरएनए काही दिवसांत तुटतो; काखेतल्या लसिका गाठींत त्याचा माग काही आठवडे लागला आहे. मुलाबाळांत उतरायला अंडपेशी किंवा शुक्रपेशीतला डीएनए बदलावा लागेल. तसं कुठेही आढळलेलं नाही.

मग मी विचारलं, सुनेने लस कोणती घेतली होती? कोविशील्ड. पुण्यात बनलेली ती लस एमआरएनएची नव्हतीच! तिच्यात शरीरात वाढू न शकणारा अ‍ॅडेनोव्हायरस (डीएनए असलेला एक विषाणू) असतो. त्याचा डीएनए केंद्रकात जातो, पण गुणसूत्रांपासून सुटाच राहतो. भारतात बनलेल्या पहिल्या एमआरएनए लशीला, पुण्याच्याच जिनोव्हा कंपनीच्या, परवानगी मिळाली जून 2022मध्ये. कोविशील्डचा नोंदलेला खरा धोका वेगळा आहे: क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या, त्याही डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. सुनेच्या बाबतीत ते आठवडे केव्हाच सरले.