सहा वर्षं लागली, बरं मग?

आमच्यात एक मित्र आहे, गिटार बरी वाजवतो आणि मतं त्याहून मोठ्याने वाजवतो. परवा म्हणाला, एका अल्बमला सहा वर्षं घेणारी बाई म्हणजे नुसती किरकिरी, कंट्री-रॉकमध्ये असतंच काय, तीन कॉर्ड, माइक लाव आणि गा. विषय अमेरिकन गायिका-गीतकार लुसिंडा विल्यम्सच्या 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' या अल्बमचा. त्याला तिथल्या तिथे काही बोलले नाही, घरी आले, अल्बम लावला आणि आता इथे लिहितेय.

तर आधीचा अल्बम १९९२ चा, हा आला जून १९९८ मध्ये, तेव्हा ती ४५ वर्षांची. पहिल्यांदा ऑस्टिनला रेकॉर्ड केला, तिचा कित्येक वर्षांचा गिटारिस्ट गर्फ मॉर्लिक्स सोबत होता. जवळजवळ झालाच होता. मग ती स्टीव्ह अर्ल या गायकाच्या एका अल्बमवर एक गाणं गायला गेली आणि तिथे स्वतःचा आवाज ऐकून तिला वाटलं, अरे, मला असं ऐकू यायचंय. झालं! नॅशव्हिलला जाऊन अर्ल आणि रे केनेडीबरोबर परत पहिल्यापासून रेकॉर्डिंग सुरू. मॉर्लिक्स या भानगडीत दुरावला तो दुरावलाच. त्यानंतरही समाधान नाही, उरलेलं काम लॉस एंजेलिसला, रॉकस्टार ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधल्या रॉय बिटनसोबत.

आता गंमत बघा, एवढा खटाटोप करून अल्बम ऐकायला कसा, तर कोणीतरी ओसरीवर बसून एका बैठकीत गायल्यासारखा. शब्दांची शेवटची अक्षरं गिळलेली, आवाज जरा पेंगुळलेला, एका जागी तर वाटतं आत्ता तुटणार. माझ्या मते सहा वर्षं गेली ती यातच. गुळगुळीत करायला काय, आठ दिवस पुरतात हो.

आणि टायटल साँग, खडीच्या रस्त्यावरच्या गाडीच्या चाकांचं. स्वयंपाकघर, रेडिओवर कंट्री गायिका लोरेटा लिन, अंडी-बेकनचा वास, मग सामान बांधा चला निघा, आणि गाडीच्या मागच्या सीटवर चार-पाच वर्षांची एक पोर खिडकीबाहेर बघतेय, गालावर धूळ आणि पाणी एकत्र. बस. ती दुःखी आहे असं गाण्यात कुठेही म्हटलेलं नाही. लुसिंडाचे वडील मिलर विल्यम्स हे कवी, कॉलेजात शिकवायचे, नोकरीमागे घर सारखं या गावातून त्या गावात. क्लिंटनच्या १९९७ च्या शपथविधीला कविता वाचली ते हेच. लेकीला हे गाणं गाताना ऐकलं आणि नंतर जवळ येऊन त्यांनी तिची माफी मागितली. तिला कळेना कशाबद्दल. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की मागच्या सीटवरची ती पोर आपणच. लिहिणारीला माहीत नव्हतं, बापाला एका ऐकण्यात कळलं!

(माझे वडील बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. टेम्पो खडीवरून वळला की गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसलेल्या आम्हा दोघी बहिणींचं बोलणं एकदम बंद व्हायचं. त्यामुळे या गाण्याबाबत मी निःपक्षपाती वगैरे अजिबात नाही.)

अजून एक, ही बाई भावनांची नावं घेत नाही, गावांची घेते. 'लेक चार्ल्स' (हे लुइझियानातलं गाव) वारलेल्या प्रियकरावर आहे, जन्म त्याचा टेक्सासातल्या नॅकोडोचेसचा पण सगळ्यांना सांगायचा मी लेक चार्ल्सचा. खरी त्या गावची लुसिंडा! म्हणजे तो गेल्यावर तिने त्याला काय दिलं, तर स्वतःचं गाव. 'ड्रंकन एंजल' ब्लेझ फोलीवर, १९८९ साली ऑस्टिनला गोळी लागून मेलेला गाणारा, त्याच्या बुटांना चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या त्यासुद्धा गाण्यात आहेत. आणि 'जॉय'मध्ये तक्रार अशी की माझा आनंद नेलास तो परत दे, आणि शोधायला निघते कुठे तर वेस्ट मेम्फिसला, मग स्लायडेलला, जशी काही कोणाच्या घरी छत्री विसरलीय.

पुढे ग्रॅमी मिळालं, 'कंटेम्पररी फोक'मध्ये. फोक म्हणे, म्हणजे लोकसंगीत! त्यातले रॉकचे ड्रम्स-गिटार ऐकले नसावेत. आणि किरकिरीचं म्हणाल तर पुरुषाने तीनदा रेकॉर्ड केलं की तो परफेक्शनिस्ट, हे मित्राला सांगून झालंय, तो 'तसं नाही गं' म्हणाला.

शेवटचं गाणं 'जॅक्सन', रात्री दिवा बंद करून ऐका. लाफायेट आलं की मला काही वाटणार नाही, बॅटन रूज आलं की मी रडणार नाही, असं गाव मागे टाकत टाकत चाललीय, गिटार हळू, घाई कसलीच नाही, आणि दर गावाला तिला, ज्याला विसरायचंय त्याचीच आठवण काढावी लागतेय.