साडेबारा हजार भागिले नऊशे

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार केला की १४ तास. मला या भागाकाराचा मनापासून राग आहे. इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की तो आयता मिळतो आणि पुण्यातले काका सुरू होतात, "म्हणजे रात्री जेवून निघालं की..."

मुळात सरळ रेष म्हणजे कोणती, इथपासून तयारी. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क डावीकडे. पण घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा आपसूक वर सरकतो आणि आइसलँडजवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला खेटून जातो. १२,५४० किलोमीटर ते हे. दोऱ्याला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसा आला विमानांच्या वाट्याला.

त्यात वारा. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात, हिवाळ्यात फारच. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून जायला १६ तास धरा, यायला साडेचौदा.

आणि हे सगळं विमान हलल्यावर. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंत मोजतात, त्यामुळे मुंबईतली रांगही त्यातच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. विमानं एसटी स्टँडवरच्या गाड्यांसारखी एकामागे एक उभी.

पुणेकरांचा हिशेब याच्याही आधी सुरू होतो. रात्री १ चं विमान, तीन तास आधी पोचायचं, घाटात काय होईल सांगता येत नाही, म्हणून दुपारी साडेचारला घर सोडायचं. पुणे ते मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर आणि विमान हलेपर्यंत साडेआठ तास. इथे भागाकार जरूर करा: ताशी १८ किलोमीटर. सायकल.

एवढं समजावल्यावर काका तिकीट मागून घेतात आणि चष्मा कपाळावर चढवून वाचतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. रात्री १ ला निघालेलं विमान १६ तासांनी उतरतं तेव्हा तिथे त्याच दिवशी सकाळचे साडेसात. परतीचं सकाळी ११ ला निघून साडेचौदा तासांनी उतरतं, तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ११. दोन्ही वेळा तिकिटावर छापलेल्या.

"जाताना साडेसहा तास, येताना चोवीस," काका चष्मा खाली घेत म्हणतात. "परतीचं बदलून घे. हे वाटेत सगळीकडे थांबतंय."