मिलेना ज्यू नव्हती, आणि ते गॅस चेंबरचंही खोटं आहे

परवा रात्री भाचीचा मेसेज आला, "मावशी, वाच आणि रड." खाली एक फॉरवर्ड. हाच मजकूर याआधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण ही पोरगी तो कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लावायला निघालेली. मग मात्र बसले लिहायला.

फॉरवर्डचा सारांश असा: मिलेना ही प्रागमधली गरीब ज्यू मुलगी, लेखक फ्रान्झ काफ्काची प्रेयसी. काफ्का तिला वर्षानुवर्षं रोज पत्र लिहायचा. तिने दुसऱ्याशी लग्न केलं आणि काफ्का विरहाने झुरून मेला. पुढे ज्यू म्हणून नाझींनी तिला गॅस चेंबरमध्ये मारलं. शेवटी "मिलेनाचं काफ्काला शेवटचं पत्र" म्हणून चार ओळी आणि तुटलेलं हृदय.

गरीब? मिलेना येसेन्स्काचे वडील प्रागच्या विद्यापीठात दंतवैद्यकाचे प्राध्यापक होते. ती शिकली मिनर्व्हा या मुलींच्या नामांकित शाळेत. पुढे लग्नानंतर व्हिएन्नात तिचे खायचे वांधे झाले, हे खरं. पण तो नंतरचा आणि तिने स्वतः ओढवून घेतलेला संसार.

लग्नाचं तर सगळंच उलटंपालटं. काफ्काशी पत्रव्यवहार सुरू झाला 1920 मध्ये. तिचं लग्न 1918 मध्येच झालेलं. पत्रांना निमित्त प्रेमाचं नव्हतंच, कामाचं होतं. त्याच्या कथा तिला चेकमध्ये आणायच्या होत्या. 'स्टोकर' ही कथा तिने भाषांतरित केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती छापून आली. काफ्का जर्मनमध्ये लिहायचा, पण तिने आपल्याला चेकमध्येच लिहावं असा त्याचा आग्रह. रोज पत्र हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. 1920 च्या उन्हाळ्यात तो खरोखरच रोज लिहीत होता, कधी दिवसातून दोनदासुद्धा. पण वर्षानुवर्षं कुठलं, बहुतेक पत्रं त्या एकाच वर्षातली. काफ्कासाठी तिने नवऱ्याला सोडलं नाही हेही खरं. पण तुटलं ते काफ्काच्याच पुढाकाराने. आणि 1924 मध्ये तो गेला तो घशापर्यंत पोचलेल्या क्षयाने. शेवटी उशाशी त्याची सोबतीण डोरा डायमंट होती. क्षयाला विरह म्हणायचं असेल तर डॉक्टरांनी दुकानंच बंद करावीत.

ते "शेवटचं पत्र"? तिने काफ्काला लिहिलेली पत्रं उरलेलीच नाहीत. छापलेली आहेत ती त्याची. 1939 मध्ये तिने ती विली हास या मित्राच्या हवाली केली म्हणून वाचली. त्या चार ओळी कुठल्या कारखान्यात तयार झाल्या देव जाणे.

आता खरा संताप. "ज्यू म्हणून मारलं."

मिलेना ज्यू नव्हती. ती चेक ख्रिश्चन घरातली. तिने एर्न्स्ट पोलाक या ज्यू माणसावर, म्हणजे पुढे नवरा झालेल्यावर, प्रेम केलं म्हणून कट्टर चेक राष्ट्रवादी बापाने तिला 1917 मध्ये वेलेस्लावीनच्या मनोरुग्णालयात महिनोन् महिने डांबलं. एवढं सोसलेल्या बाईची जातकुळी फॉरवर्डवाल्याने एका ओळीत बदलून टाकली.

यावर वाद घालणाऱ्यांसाठी एकच पुरावा पुरे आहे. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने 1994 मध्ये तिला 'राष्ट्रांमधील नीतिमान' हा सन्मान दिला. तो ज्यूंचे जीव वाचवणाऱ्या, स्वतः ज्यू नसलेल्या माणसांनाच मिळतो. संपला विषय.

आणि हा फरक तपशिलाचा नाही. 1939 च्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, तेव्हा तिला गप्प बसता आलं असतं. ती तेव्हा फर्डिनांड पेरोउत्काच्या 'प्शीतोमनोस्त' साप्ताहिकात लिहीत होती, निर्वासितांवर, सुडेटेन या जर्मनभाषक सीमाभागावर. तिने नाझींपासून पळणाऱ्यांसाठी घराचं दार उघडलं. योआखिम फॉन त्सेट्वित्स नावाचा जर्मन तरुण आपल्या गाडीतून माणसं पोलंडच्या सीमेकडे न्यायचा, ती त्याच्या बरोबरीने काम करायची. आपला ज्यू साथीदार एव्झेन क्लिंगर यालाही तिने बाहेर काढलं. स्वतः राहिली. 'व्ह बोय' या भूमिगत पत्रकाचं कामही चालूच. नोव्हेंबरमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिला उचललं. ड्रेस्डेनमध्ये पुराव्याअभावी खटला टिकला नाही, तरी तिला राव्हेन्सब्रुकच्या बायकांच्या छळछावणीत धाडलं. म्हणजे ती गेली ती केलेल्या कामाची किंमत म्हणून. फॉरवर्ड तेच काम पुसून तिला निमूट मरणारी प्रेयसी करतो.

छावणीतही ती निमूट नव्हती. तिथल्या दवाखान्याच्या कचेरीत तिला काम होतं. आजारी ठरलेल्या बायकांचं काय होतं हे माहीत असल्यामुळे ती नोंदींमध्ये फेरफार करायची. हे लिहून ठेवलंय मार्गारेटे बुबर-नॉयमानने, तिच्या सहकैदी मैत्रिणीने. मार्गारेटे आधी स्टालिनच्या छावणीत होती. तिथलं खरं बोलते म्हणून चेक कम्युनिस्ट बायकांनी मिलेनाला बजावलं, एक तर ती नाही तर आम्ही. मिलेनाने मार्गारेटेला निवडलं. गंमत अशी की मार्गारेटेने लिहिलेल्या मिलेनाच्या चरित्राच्या मूळ जर्मन शीर्षकातसुद्धा 'काफ्काची मैत्रीण' आहेच. सुटका नाही बाईची.

गॅस चेंबर: राव्हेन्सब्रुकमध्ये तो सुरू झाला 1945 च्या सुरुवातीला. मिलेना मूत्रपिंडाच्या आजाराने, शस्त्रक्रियेनंतर, 17 मे 1944 रोजी गेली. नाझींनीच मारली म्हणा, छावणीने मारली म्हणा, माझी हरकत नाही. पण सन तरी बघा.

हे सगळं भाचीला पाठवलं. तासभर उत्तर नाही. मग नवा मथळा आला: 'पत्रकार आणि अनुवादक मिलेना येसेन्स्का'. खाली बारीक अक्षरात काफ्का आलाच आहे. असू दे.